परत येणंही सेवेतच मोजा

परदेशात सेवा करून आलेल्या मुलीला आपल्याकडे तीन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘मजा आली का?’ दुसरा, ‘फोटो दाखव ना.’ आणि तिसरा, आवाज जरा खाली आणून, ‘मग परत कशाला आलीस?’

पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की भागतं. दुसऱ्यासाठी मोबाइल पुढे करायचा. तिसरा प्रश्न मात्र मला गावात, नात्यात, अगदी आपल्या कॅन्टीनमध्येही इतक्या वेळा विचारला गेलाय, की त्याचं उत्तर एकदा नीट लिहूनच द्यावं म्हणते. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरात तर हा प्रश्न काळजीपोटीच येतो. पण त्या प्रश्नात एक गृहीतक आहे, आणि ते मला मान्य नाही.

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मी लिस्बनला जागतिक युवा दिनासाठी स्वयंसेवक म्हणून गेले होते. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८०च्या दशकात हा उपक्रम सुरू केला. दर दोन-तीन वर्षांनी जगभरचे कॅथलिक तरुण एका शहरात जमतात, आठवडाभर प्रार्थना, गाणी, चर्चा चालतात आणि शेवटी पोपसोबत एक मोठी मिस्सा होते. लिस्बनची पाळी खरं तर २०२२ मध्ये होती, ती कोविडमुळे वर्षभर पुढे गेली. १ ते ६ ऑगस्ट असा तो सोहळा झाला. शेवटच्या मिस्सेला तेजू नदीकाठच्या मैदानात सुमारे १५ लाख माणसं होती असं सांगितलं गेलं. या मैदानाच्या काही भागावर पूर्वी शहराचा कचरा टाकला जाई. आम्ही स्वयंसेवक २५ हजारांच्या आसपास होतो.

आकडे सांगितले, कारण ते विचारले जातात. पण मला आठवतं ते लिस्बन पंधरा लाखांचं नाही, दोनशे जणांचं आहे. शहराच्या कडेला एका चर्चच्या शाळेत आमची ड्यूटी होती. शाळेच्या जिममध्ये पोलंड, ब्राझील, इटली, कोरिया अशा देशांतली मुलं जमिनीवर चटया टाकून झोपायची. पहाटे त्यांच्या आधी उठून नाश्ता मांडायचा, ती बाहेर पडली की न्हाणीघरं धुवायची, खोल्यांच्या चाव्या सांभाळायच्या, हरवलेल्यांना मेट्रोचा रस्ता सांगायचा आणि रात्री उशिरा गात गात परत येणाऱ्यांना ‘हळू, शेजारी झोपलेत’ म्हणून गप्प करायचं. बस्स, एवढीच सेवा. यात कुणाचा जीव वाचला नाही, कुठे शाळा बांधली नाही. पोपला मी पाहिलं ते दुरून, मोठ्या पडद्यावर.

आणि तरी ते दिवस आठवले की आजही बरं वाटतं. का बरं वाटतं याचा शोध घेताना मला आपल्या मंडळाच्या कामाची एक गोष्ट सापडली. तिथे मला पोर्तुगीज येत नव्हती. पहिल्या सकाळी स्वयंपाकघरातल्या बाईंनी माझ्याकडे पाहून जे काही सांगितलं, त्यातला एकच शब्द मला कळला : ‘बाल्द’. म्हणजे बादली. मग त्या म्हणाल्या ‘शाव्ह’, आणि हातात चावी ठेवली. मग ‘पांव’, म्हणजे आपला पाव. ‘साबांव’ म्हणजे साबण. (साबणाचं नातं अरबीशीही सांगितलं जातं, पण त्या क्षणी मला अरबीशी काही कर्तव्य नव्हतं.) त्यानंतर आमचा खेळच सुरू झाला. त्या एकेक वस्तू उचलून नाव सांगायच्या आणि मी मराठी नाव सांगायचे. बटाटा, कोबी, परात, पिंप, फीत. दाराच्या बिजागरीपर्यंत आम्ही पोहोचलो.

भाषाविज्ञानाच्या तासाला हे शब्द आपण सगळ्यांनी ‘पोर्तुगीजमधून आलेले शब्द’ या यादीत लिहिलेले आहेत. परीक्षेत पाच उदाहरणं द्या म्हटलं की आपण पाच देतो आणि पुढे जातो. त्या स्वयंपाकघरात मला ती यादी दोन भागांत पडलेली दिसली. एका बाजूला पिस्तूल, काडतूस, तुरुंग, लिलाव. हे राज्यकर्त्यांबरोबर आलेले शब्द. दुसऱ्या बाजूला बादली, चावी, पाव, परात. हे घरातले, चुलीजवळचे, मोरीतले. पहिल्या यादीतले शब्द हुकूम सोडायला लागतात. दुसऱ्या यादीतले शब्द पाहुणा आला की लागतात. जिथे एकही वाक्य धड बोलता येत नव्हतं, तिथे माझं सगळं काम दुसऱ्या यादीवर निभावलं. (‘पगार’ हाही त्यांच्याकडूनच आलेला शब्द. पण स्वयंसेवकाला त्याचा उपयोग पडत नाही.)

यावर आपल्यातल्याच एकाने मला टोकलं होतं. ‘ज्यांनी साडेचारशे वर्षं राज्य केलं, त्यांच्या देशात जाऊन न्हाणीघरं धुवायची? इतिहास विसरलीस की काय?’ प्रश्न रास्त आहे आणि तो ख्रिस्ती मुलीला विचारला जातो तेव्हा त्याला आणखी एक धार असते, हेही मला कळतं. इतिहास मी विसरलेली नाही. गोव्यात इन्क्विझिशन होतं. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढून इथल्या लोकांना तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला सांगितलं होतं. ती सुटली नाही, म्हणून तर आज आपण हे मासिक काढतोय. पण त्याच इतिहासात फादर स्टीफन्सही आहेत. जन्माने इंग्रज असलेला हा जेझुइट १५७९ साली लिस्बनहूनच जहाजात बसला आणि गोव्याला आला. त्याने इथली भाषा इतकी आपलीशी केली, की १६१६ मध्ये राशोलला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापून निघालं. हुकूम देणारे एका भाषेत बोलत होते आणि हा माणूस दुसऱ्यांच्या भाषेत शिकत होता. दोघेही एकाच बंदरातून निघालेले. त्यातल्या कुणाच्या वाटेने उलट दिशेला जायचं, हे जाणाऱ्याने ठरवायचं असतं. मला तरी वाटतं की सेवा म्हणजे जुन्या मालकापुढे वाकणं नाही. तहानलेल्याला पाणी देताना त्याच्या पणजोबांचा हिशोब आपण विचारत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. काही जण म्हणतात की अशा सहली म्हणजे नुसती हौस. विमानाच्या तिकिटात जेवढे पैसे गेले तेवढ्यात इथे एखाद्या मुलाची वर्षाची फी भरून झाली असती. शिवाय परत आल्यावर बायोडेटात एक ओळ वाढते ती वेगळीच. यातलं बरंच मला पटतं. माझ्याइतकीच, किंबहुना माझ्यापेक्षा जास्त श्रद्धा असलेल्या दोन मैत्रिणी पैशाअभावी येऊ शकल्या नाहीत. पोपने ३ ऑगस्टच्या स्वागत सोहळ्यात ‘तोदुश, तोदुश, तोदुश’ म्हणजे ‘सगळे, सगळे, सगळे’ असं जमावाकडून म्हणवून घेतलं होतं. चर्चमध्ये सगळ्यांना जागा आहे असा त्याचा अर्थ. तो ऐकताना अंगावर काटा आला हे खरं, आणि त्या ‘सगळ्यां’त माझ्या दोन मैत्रिणी नव्हत्या हेही खरं.

म्हणून माझं म्हणणं असं, की परदेशातली सेवा ही सेवेची मोजपट्टी होऊ नये. जो गेला तो मोठा आणि राहिला तो लहान, असं आपल्या कॉलेजात कधीही होता कामा नये. पण हौस आणि सेवा यांतला फरक विमानाच्या तिकिटावरून ठरत नाही. तो परत आल्यावर ठरतो. जाऊन आल्यावर जर आपल्याकडे फक्त फोटो उरले असतील, तर ती हौस. जर तिथली एखादी सवय इथे आली असेल, तर तिकिटाचे पैसे थोडेफार वसूल झाले म्हणायचे.

इथे मला स्वयंपाकघरातल्या त्या बाईंबद्दल आणखी लिहिलं पाहिजे. वय सत्तरीच्या पुढे. सगळे त्यांच्या नावाआधी ‘दोना’ लावत, मी मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण त्यांच्या नात्यातली एक शाळकरी मुलगी मदतीला यायची, ती आमची दुभाषी. तिच्याकडून कळलं ते असं : आजींचा एक मुलगा फ्रान्समध्ये, एक लक्झेंबर्गला. दोघेही पंचवीस वर्षांपूर्वी गेलेले. उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, दोन-तीन आठवडे येतात आणि परत जातात. त्यांच्या बंद खोलीत आजींनी या वेळी दोन यात्रेकरू मुलींना ठेवून घेतलं होतं. ‘चादरी कपाटात पडूनच होत्या,’ एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

आपल्याकडे पोर्तुगाल म्हटलं की लोकांना जिथे जायचं असतं तो देश डोळ्यांपुढे येतो. पोर्तुगाल हा स्वतः पिढ्यान्‌पिढ्या माणसं बाहेर पाठवणारा देश आहे, हे मला तिथे गेल्यावर नीट समजलं. १९६०च्या दशकात, म्हणजे गोवा मुक्त झाला त्या सुमारास, सालाझारच्या राजवटीतली गरिबी आणि आफ्रिकेतल्या वसाहतींमधली युद्धं टाळण्यासाठी तिथले लाखो लोक फ्रान्सला गेले, कितीतरी जण चोरवाटेने. आमच्या वाड्यावरची जुनी माणसं ज्या देशाच्या वैभवाच्या गोष्टी सांगतात, त्याच देशातली खेडी त्याच वर्षांत रिकामी होत होती. आजही कामाच्या वयातले कितीतरी पोर्तुगीज बाहेरच आहेत. आणि त्यांच्या लिस्बनमध्ये आता नेपाळी, बांगलादेशी, भारतीय मुलं हॉटेलांत भांडी घासतात आणि डिलिव्हरीच्या सायकली चालवतात. प्रत्येकाचं घर दुसऱ्या कुणाच्या तरी आईच्या भरवशावर चाललेलं.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येते. ‘मग परत कशाला आलीस?’

या प्रश्नामागचा हिशोब गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणजे तो पासपोर्ट घेतला की हा सोडावा लागतो. हजारोंनी तो घेतलाय. त्यातले बरेच पोर्तुगालला थांबलेच नाहीत, ब्रेक्झिटच्या आधी थेट इंग्लंडला गेले. स्विंडनमध्ये आज आपली इतकी माणसं आहेत की तिथे फेस्त होतं. माझे वडील बार्देशचे, आई वसईची, त्यामुळे आमच्या घरात मराठी. पण पासपोर्टच्या गप्पा आमच्याकडेही इतरांइतक्याच होतात. जाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. नोकरी नाही, जमिनीचे भाव असे की स्वतःचं घर घ्यायचं स्वप्नही बघवत नाही, मग माणूस काय करणार? जहाजावर गेलेल्यांच्या आणि आखातात गेलेल्यांच्या पैशांवर आमची अर्धी गावं उभी राहिली.

पण प्रश्न विचारणाऱ्याचं गृहीतक असं असतं, की तिथे जाणं हीच प्रगती आणि परत येणं म्हणजे चुकलेली बस. सेवेच्या निमित्ताने व्हिसा मिळाला, दार उघडलं होतं, तरी ही वेडी आत शिरली नाही! सेवेला गेलेल्या माणसाकडे असं पाहणं मला सगळ्यात जास्त टोचतं. व्हिसा पाहुणी म्हणून मिळाला होता. पाहुण्याने निघायच्या दिवशी निघावं, हा साधा शिष्टाचार आहे. आणि जे उद्या खऱ्या मनाने सेवेला जातील त्यांच्या अर्जाकडे दूतावासाने संशयाने पाहू नये असं वाटत असेल, तर आज गेलेल्यांनी परतायलाच हवं.

त्याहून मोठं कारण लिस्बनच्या सोहळ्याच्या ब्रीदवाक्यातच होतं. लूकच्या शुभवर्तमानात मरिया आपली नातलग अलिशिबा हिच्या मदतीला डोंगराळ प्रदेशात घाईने निघाली, तो प्रसंग त्या वर्षी ब्रीदवाक्यासाठी घेतला होता. टी-शर्ट, फलक, झेंडे, सगळीकडे मरिया उठून निघालेली. ते योग्यच आहे, तरुणांना ‘ऊठ, नीघ’ असंच सांगायला हवं. पण तोच अध्याय थोडा पुढे वाचा. मरिया तिथे सुमारे तीन महिने राहिली आणि मग आपल्या घरी परतली, असं लूक लिहितो. परतण्याचं ते अर्धं वाक्य कुणीच टी-शर्टवर छापत नाही. सेवेला जाण्याची घाई सुंदर असते, गाणी तिच्यावरच होतात. पण लूकला परतणंही नोंदवावंसं वाटलं. जी घरी परतली तिच्यापुढे तिची स्वतःची अडचण वाढून ठेवलेली होती, गावाची बोलणी होती. ती तिकडेच राहिली असती तर सोपं गेलं असतं.

आपल्या गावात काय वाढून ठेवलंय ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. आमच्या वाड्यावर सलग तीन घरांना कुलूप आहे आणि तिन्हींच्या चाव्या एकाच म्हाताऱ्या बाईकडे आहेत. ती रविवारी मिस्सेहून आली की दारं उघडून केर काढते, पावसाळ्यात गळतं कुठे ते बघते. स्वतःच्या घरात ती एकटी. संध्याकाळी पदेराचा भोंगा वाजला की दोन पाव घेते. एक रात्रीचा, एक सकाळचा. दयानंद योजनेच्या पेन्शनसाठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो फॉर्म कोण भरून देणार याची काळजी तिला महिनाभर आधीपासून लागते. मुलं प्रेमाने फोन करतात, पैसे पाठवतात, पण व्हिडिओ कॉलवरून हयातीचा दाखला भरता येत नाही. लिस्बनच्या आजी आणि ही बाई एकमेकींना कधी भेटणार नाहीत. भेटल्या तर बादली, चावी आणि पाव या तीन शब्दांवर त्यांचं सगळं बोलणं होऊन जाईल.

मला परदेशातल्या आठवणी गोड वाटतात, कारण तिथे मी कुणाची तरी चावी सांभाळत होते. विमानतळ, ट्राम, नदीवरचा वारा, दालचिनी भुरभुरलेले कस्टर्डचे छोटे पेस्ट्री, हे सगळं छानच होतं. पण त्या गोष्टी पर्यटकालाही मिळतात. स्वयंसेवकाला वेगळं मिळतं ते एवढंच : परक्या घरात आपल्यावर कुणीतरी विसंबून राहिलेलं असणं. आणि हे मिळायला परकं घर लागतंच असं नाही.

तेव्हा आपल्या मंडळापुढे एक साधा प्रस्ताव ठेवते. एनएसएसचे वर्षाला १२० तास आपल्यातले बरेच जण भरतात. रस्ते झाडतो, झाडं लावतो, चांगलं आहे. पण आपण साहित्य मंडळ आहोत, आपल्या हातात लिहिणं-वाचणं आहे. दर शनिवारी दोन तास, दोघा-दोघांच्या जोड्या करून, कॉलेजच्या आसपासच्या गावांत एकट्या राहणाऱ्या माणसांकडे जाऊ. त्यांचे फॉर्म भरून देऊ, वर्तमानपत्र वाचून दाखवू, गोळ्यांच्या पाकिटांवर मोठ्या अक्षरांत सकाळ-दुपार-रात्र लिहून ठेवू, परदेशातल्या मुलांशी कॉल जोडून देऊ. घर हिंदूचं की ख्रिस्तीचं, बोली कोंकणी की मराठी, हे विचारायचं नाही. आणि त्यांची परवानगी असेल तर त्यांच्या तोंडचे जुने शब्द एका वहीत उतरवून घेऊ, कारण चुलीजवळचे शब्द सांगणारी माणसं आता थोडी उरलीत. फोटो मात्र काढायचे नाहीत. हा नियम पहिल्या दिवसापासून.

पुढचा जागतिक युवा दिन २०२७ मध्ये सोलला आहे. आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं, आणि ज्यांना पैशामुळे जमत नसेल त्यांच्यासाठी कॉलेजने आणि पॅरिशने आतापासून निधी उभा करावा, म्हणजे ‘सगळे’ या शब्दाला थोडा तरी अर्थ येईल. पण अर्ज निवडताना एक अट घालावी असं मी सुचवते : आधी वर्षभर इथल्या शनिवारी हजेरी हवी, आणि परत आल्यावर आणखी एक वर्ष.

पहिल्या शनिवारसाठी नावं मंडळाच्या सूचना फलकावर लिहायची आहेत. माझं मी लिहून ठेवलंय. जोडीदार हवा आहे.